सगुणा लांब होती

मित्रांनो, माझ्यासाठी एक माणूस उभा राहिला आणि बुडाला.

आता हे वाक्य विसरा. असं काही झालेलंच नाही असं धरून आपण पहिल्यापासून सुरुवात करू. आत्मवृत्तात आधी जन्म येतो, मग उपयोग, मग कौतुक, मग अडगळ आणि सगळ्यात शेवटी उपदेश. मधे कुणी बुडालं तर ते कुठे बसवायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तेव्हा ते तूर्तास बाजूला.

मी कॅमेऱ्याची लेन्स आहे. लांबचं जवळ दाखवते म्हणून टेलिफोटो, आणि अंगावरचं कडं फिरवलं की कमीजास्त जवळ दाखवते म्हणून झूम. दिसायला काळी, लांबुडकी, चहाच्या थर्मासच्या धाकट्या बहिणीसारखी. तुमच्या पाठ्यपुस्तकात फाटकी छत्री बोलते, पडकी शाळा बोलते, मैलाचा दगडसुद्धा बोलतो. मला आजवर कुणी बोलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निदान एका माणसाचा जीव… पण ते झालेलंच नाही, असं आपलं ठरलं आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तोंडं झाकलेल्या मुलींनी माझ्या पोटात एकामागोमाग एक काचा बसवल्या. आमच्या शेजारच्या रांगेतल्या लेन्सना एक जास्तीचा अवयव मिळत होता. फोटो काढणाऱ्याचा हात थरथरला तर त्यांच्या पोटातली एक काच उलट सरकून चित्र जागच्या जागी धरून ठेवायची. आमच्या रांगेला तो अवयव नव्हता. म्हणून त्या महाग आणि आम्ही स्वस्त. स्वस्त असणं हा काही दोष नाही, मित्रांनो. फक्त ते जन्मभर ऐकून घ्यावं लागतं.

माझे पहिले मालक रोह्याचे एक सद्गृहस्थ. धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर जंगलात जाऊन वाघाचे फोटो काढायचे, असा त्यांचा बेत होता. वाघ मिळाला नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या वाघाचा फोटो हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून काढला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. पाहुणे विचारायचे, “इतक्या जवळून काढलात, भीती नाही वाटली?” ते म्हणायचे, “वाटली थोडी.”

मी तेव्हा हसले होते. लेन्स हसते तेव्हा बाहेरून काही कळत नाही. आता वाटतं, ती हसण्यासारखी गोष्ट नव्हती. माझ्यातून पाहिलं की माणसाला अंतर कळेनासं होतं, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

पुढे त्यांचे गुडघे गेले, मग हौस गेली, मग ते गेले. त्यांच्या सुनेने मला पेणला कमळाकरच्या फोटो स्टुडिओत नेऊन विकलं.

कमळाकरकडे जिवंत माणसं फारशी येत नसत. जिवंतांचे फोटो आता ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये असतात. त्याचा धंदा चालायचा तो मेलेल्यांवर. लोक लग्नातला एखादा घोळक्याचा फोटो घेऊन यायचे आणि बोट ठेवून सांगायचे, “यातला हा गेला.” मग कमळाकर बाजूची वरात कापायचा, हातातली पत्रावळ पुसायचा, मागे निळं आभाळ घालायचा आणि माणूस एकटा, मोठा, फ्रेमभर करून द्यायचा. गर्दीतून माणूस वेगळा काढावा तर कमळाकरनेच. ज्यांना न्यायला कुणी परत आलं नाही, असे काही फोटो शोकेसमध्ये माझ्या शेजारी होते. चांगली माणसं होती. एकानेही मला कधी स्वस्त म्हटलं नाही.

त्या शोकेससमोर एके दिवशी एक म्हातारा आणि त्याची मुलगी येऊन उभे राहिले. म्हातारा म्हणजे काळुराम. उन्हाने आणि मिठाने करपलेला, पाय गुडघ्यापर्यंत पांढुरके. तरुणपणी मिठागरात राबला होता, नंतर खाडीकाठच्या आपल्या शेतात. मुलगी म्हणजे सगुणा. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे काढायची. तिच्या खांद्याला एक साधा, नवशिक्याचा कॅमेरा होता. मुंबईच्या व्यापाऱ्यांना मूर्तींचे फोटो पाठवायला तिने तो घेतला होता. त्याच्याबरोबर आलेल्या आखूड लेन्समधून गणपती छान यायचे. गणपती हलत नाहीत आणि लांबही जात नाहीत.

“लांबचं जवळ दिसंल असं काय हाय?” काळुरामने विचारलं.

“काय लांबचं काका?” कमळाकर म्हणाला. “पक्षी? क्रिकेट?”

“खांड.”

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. यांच्या गावाची शेतं खाडीच्या पातळीहून खाली. मधे मातीचा लांबलचक बांध, तो आहे तोवर इकडे भात आणि तिकडे समुद्र. मागच्या उधाणात त्या बांधाला खांड पडली होती. आता रोजच्या भरतीला खारं पाणी आत येऊन शेतात बसायचं. एका वर्षाचं भात गेलंच होतं. मृगाच्या आधी खांड बुजली तर पावसाने जमीन धुऊन निघणार होती. नाही बुजली तर पुढचंही वर्ष गेलं, आणि मग त्या जमिनीत मिठाशिवाय काही पिकायचं नाही.

पूर्वी असं झालं की सगळं गाव पेंढा आणि चिखल घेऊन धावायचं. या वेळी खांड गावाच्या हाताबाहेर गेली होती. दगड हवा होता, आणि तो कार्यालयाने द्यायचा होता. कार्यालयाचं नाव मी सांगत नाही. सगुणाने मोबाईलवर फोटो काढून त्यांना दाखवला होता. फोटोत वर एक रेघ होती, ते आभाळ. खाली एक रेघ होती, ती खाडी. मधली खांड मुंगीएवढी. यात काही दिसत नाही, असं कार्यालयाचं म्हणणं पडलं. त्यात कार्यालयाची चूक नव्हती. खरंच काही दिसत नव्हतं.

“मग जवळ जाऊन काढा की,” कमळाकर म्हणाला.

“वाटंत कमरेएवढा चिखल हाय. बा जातो. कॅमेरा कसा जाईल?” सगुणा म्हणाली.

कमळाकरने काउंटरवर आम्हा तिघींना मांडलं. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्याबद्दल जे ऐकावं लागलं ते तुम्हालाही सांगते, कारण उद्या तुमच्यावरही लेन्स निवडायची वेळ येईल.

पहिली एक ठेंगणी, गुबगुबीत. “ही सगळं करते. जवळचं, लांबचं, बारशापासून तेराव्यापर्यंत,” कमळाकर म्हणाला. “पण सगळं थोडं थोडंच करते.”

“आमच्या जावयासारखी,” काळुराम म्हणाला. ती बाद झाली.

दुसरी ती, जास्तीचा अवयव असलेली. “ही घे. हात हलला तरी फोटो हलत नाही. पल्ला हिचा थोडा कमी, पण नवशिक्याला हीच बरी.”

“आन ही?” सगुणाने माझ्याकडे बोट केलं.

“हिचा पल्ला सगळ्यात लांब, किंमत सगळ्यात कमी. पण जेवढं लांबचं बघशील तेवढा हाताचा कंप मोठा दिसतो, आणि हिच्यात तो थांबवायची सोय नाही. ढगाळ दिवशी ही आंधळी. नेम धरताना घरघर करते. मी तुला विकीन, पण मग फोटो हलला म्हणून भांडायला येऊ नकोस.”

“कुणाचा हात हालतो?” काळुरामने विचारलं.

“सगळ्यांचाच हलतो, काका.”

“हिचा नाय. ही डोळे काढते.”

कमळाकर हसला. सगुणाने मला कॅमेऱ्याला लावलं, दारात उभी राहिली, कोपर बरगडीला टेकवलं आणि रस्त्यापलीकडे, पार टोकाला असलेल्या दवाखान्याच्या पाटीवर मला रोखलं. मी घरघरले. तिने श्वास आत घेतला आणि धरून ठेवला.

मी अनेक हात पाहिलेत. असा नव्हता पाहिला. जणू मला कुणी भिंतीत चिणलं.

कमळाकरने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. पाटीवरची डॉक्टरची पदवी वाचता येत होती. पदवीच्या खालचा खिळासुद्धा दिसत होता.

“हे कसं केलंस?”

“देवाचा डोळा एका श्वासात काढायचा असतो दादा. मधेच श्वास सुटला की देव तिरळा.”

काळुरामने मला हातात घेतलं. नांगराचा फाळ पारखावा तसं उलटंपालटं केलं, टिचकी मारली, वास घेतला. “हीच दे,” तो म्हणाला. “हाताचं काम हात करंल. त्याला वायलं पैसं कशाला?”

तीच चूक झाली, असं मी म्हणणार नाही. माझ्या जागी ती दुसरी गेली असती तर फोटो जरा लांबून आला असता, आणि सगुणाचा हात इतरांसारखा असता तर तो जरा हललेला आला असता. दोन्हींपैकी काहीही झालं असतं तर एक माणूस आज… पण राहू दे. काही झालेलंच नाही.

फोटोचा दिवस ठरला. गावात अशी रीत होती की पाणी किती, खोली किती, हे माणसावर मोजायचं. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, पुरुषभर. म्हणून काळुराम म्हणाला, “मी जाऊन खांडीत उभा ऱ्हातो. साहेबाला माप कळंल.”

“चिखलात नीट जा,” सगुणाची आई पुतळी म्हणाली. “आन हे काय घेतलंस डोक्यावर?”

“कापडं.”

“कसली?”

“साहेबाच्या टेबलावर जायाचाय फोटू. तसाच जाऊ व्हय?”

त्याने थोरल्या लेकीच्या लग्नात शिवलेला पांढरा शर्ट आणि लेंगा इस्त्री करून आणला होता, टोपी वर ठेवून गाठोडं बांधलं होतं. सगुणा म्हणाली, “बा, खांड बघायचीय त्यांना, तुला नाय.”

“मना बघितल्याशिवाय खांड कशी बघतील? मीच मधे उभा हाय ना.”

सगुणा शाळेच्या गच्चीवर चढली. आम्ही वाट पाहत राहिलो. ओहोटी होती. काळुराम शेताच्या जागी झालेल्या चिखलातून कंबर ओढत, गाठोडं डोक्यावर सांभाळत गेला. बांधावर पोचल्यावर त्याने खाडीच्या पाण्यात पाय धुतले, मळकी कापडं झुडपावर टाकली, पांढरी चढवली, टोपी घातली, खांडीच्या तोंडाशी हात सरळ ठेवून ताठ उभा राहिला. हाक मारली तर वाऱ्यातच विरून जावी इतका तो लांब होता. पण माझ्यात तो आला. शर्टाच्या खिशाची शिवण आली. त्याच्या मागे खांड, दोन्ही बाजूंना तुटलेल्या बांधाच्या भिंती, मधून वाहणारं पाणी.

सगुणाने श्वास धरला. फोटो झाला.

इतका चांगला फोटो मी कधीच काढला नव्हता, आणि पुढे एकच काढला.

कमळाकरने तो छापला. छापताना सवयीने त्याने आजूबाजूचं पाणी, पुढचा चिखल, सगळं कापलं. “बघणाऱ्याला माणूस मोठा दिसला पाहिजे,” तो म्हणाला. मागे निळं आभाळ घालणार होता, पण ते मुळातच होतं.

काळुरामने फोटो हातात धरून कितीतरी वेळ पाहिला. “मी इतका जवळ आलो कसा?” त्याने विचारलं. मग पुतळीला म्हणाला, “बघ. उभा माणूस कसा दिसतो. फोटूला कधी बसायचं नाय. बसतो तो म्हातारा आन निजतो तो मेलेला.”

ते माझ्या कौतुकाचे दिवस होते, मित्रांनो. गावातली माणसं मला बघायला यायची. पुतळीने मला तांदळाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, कारण खाडीची हवा ओली, आणि माझ्यासारखीला ओलाव्याने आतून बुरशी धरते. तांदूळ दुकानातला होता. त्या घरात पहिल्यांदाच दुकानातला तांदूळ आला होता.

सगुणा आणि काळुराम रोह्याला कार्यालयातल्या साहेबांकडे गेले, तेव्हा मी डब्यातच होते. “असली वस्तू कचेरीत न्यायची नाय, ठेवून घेतात,” असं काळुरामने बजावलं होतं. तेव्हा पुढचं मी सगुणाच्या तोंडून ऐकलेलं सांगते.

साहेब चांगले होते. त्यांनी दोघांना बसवलं. फोटो बराच वेळ पाहिला. पेनाच्या टोकाने खांडीवरून, मग काळुरामवरून रेघ ओढल्यासारखं केलं.

“हा काढला कुठून?”

“शाळेच्या गच्चीवरून, साहेब.”

“शाळा बांधाला लागून आहे?”

“नाय. शाळा गावात हाय. लेन्स लांबची हाय. लांबचं जवळ दाखवते.”

साहेब हसले. चेष्टेने नाही, समजुतीने. “बाई, मीही फोटो काढतो. लांबचं मोठं केलं की फोटो फुटतो. हा फुटलेला नाही. हललेलासुद्धा नाही.” मग त्यांनी काळुरामकडे बघितलं. “बाबा, हे तुम्हीच ना?”

“व्हय. मीच.”

“इस्त्रीची घडी दिसते आहे.”

“व्हय,” काळुराम अभिमानाने म्हणाला.

“पायसुद्धा स्वच्छ आहेत.”

“धुतले होते.”

“म्हणजे तिथपर्यंत चांगला रस्ता आहे.”

सगुणा म्हणाली, रस्ता नाही, कमरेएवढा चिखल आहे. साहेबांनी फोटो तिच्याकडे फिरवला. “यात दाखवा चिखल.”

तो कमळाकरने कापून टाकला होता.

साहेबांनी मनापासून काम मंजूर केलं. पहिल्यांदा दगड खाडीतून पडावाने, म्हणजे मोठ्या होडीने न्यायचा ठरत होता. आता रस्ता निघाल्यामुळे डंपरने न्यायचा ठरला. सरकारचा खर्च वाचला.

डंपर आला. चालक पोपट नावाचा नागोठण्याकडचा माणूस. देवळाशी गावातला रस्ता संपला, तिथे तो खाली उतरला आणि समोरच्या पाण्याकडे बघत उभा राहिला.

“रस्ता कुठाय?”

“नाय,” काळुराम म्हणाला.

“कागदावर हाय.”

“मग कागदावरून ने.”

पोपटने विडी ओढली. मग दगड देवळासमोर ओतला, साहित्य पोचल्याची सही सरपंचाकडून घेतली आणि गेला. दोन दिवसांनी कुणीतरी येऊन ढिगावर पाटी लावली: काम प्रगतिपथावर. शेळ्या त्या ढिगावर चढायला शिकल्या. भरती रोज खांडीतून येत राहिली, आणि तिच्या कडा रोज थोड्या ढासळत राहिल्या.

सगुणाने साहेबांकडे पुन्हा जाऊन रस्ता नसल्याचं सांगितलं. नसलेल्या रस्त्याचा फोटो आणा, असं उत्तर मिळालं.

मृग जवळ आला. काळुरामने शेजाऱ्याची होडी मागून आणली. भरती असताना शेतात पाणी चढलं की होडी बांधापर्यंत तरंगायची. तो देवळासमोरचे दगड तिच्यात भरायचा, बांबूने रेटत न्यायचा, खांडीत टाकायचा आणि पाणी उतरायच्या आत परत यायचा. एकटाच. गावातल्या तरुणांच्या कंपनीत शिफ्ट होत्या. म्हातारे यायला तयार होते, पण होडीत एक तर दगड मावायचे नाहीतर म्हातारे.

“किती दगड टाकशील बा? खांड नरड्यासारखी सगळं गिळते.”

“तिचं पोट भरंपर्यंत.”

अमावस्येचं उधाण येणार होतं. आदल्या सकाळी काळुराम म्हणाला, “सगू, आज गच्चीवर चढ. होडीतला फोटू काढ. दगड होडीतून चाललाय म्हटल्यावर साहेबाला कळंल का रस्ता नाय.”

बरोबर होतं. त्याहून चांगला पुरावा असूच शकत नव्हता.

“बसून ऱ्हा,” सगुणा म्हणाली. “होडी भरलेली हाय. मी तिकडून काढते, तू बसूनच ऱ्हा.”

“बरं.”

“आन हा शर्ट कशाला घातलास?”

“ओळखायला पायजे ना. तोच माणूस हाय म्हून.”

आता मित्रांनो, मी सुरुवातीला विसरायला सांगितलेलं वाक्य तुम्ही हळूच आठवलंत तरी चालेल.

होडी काठापर्यंत भरलेली होती. गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना ती खारकेएवढी दिसायची. माझ्यातून पुढे टोपी, मागे बांबू, मधे दगड आणि पांढरा शर्ट. तो खांडीच्या तोंडाशी पोचला. पाणी आत ओढ घेत होतं. त्याने बांबू चिखलात रोवून होडी थांबवली आणि गच्चीकडे पाहिलं. तो आमच्याकडे बघतोय हे माझ्यातून स्पष्ट दिसत होतं.

मग तो उभा राहिला.

त्याने बांबू सोडला. टोपी सरळ केली. दोन्ही हात अंगाला लावले.

“बस,” सगुणा म्हणाली. ओरडली नाही, बोलली. तो माझ्यात इतका जवळ होता की ओरडायची गरजच तिला वाटली नाही. “बस ना, बा.”

आणि तिने श्वास धरला. बोट दाबलं गेलं. सवय होती.

होडी आडवी झाली. दगड एका अंगाला गेले. सगुणाने माझ्या बाजूने उजवा हात पुढे केला, पूर्ण लांब, बोटं पसरून. त्याच्या आणि तिच्या मधे सगळं शेत होतं, पाणी होतं, गाव ओरडेल तरी पोचणार नाही इतका वारा होता. तिच्या बोटांपुढे फक्त गच्चीचा कठडा होता. तो हात तिथे किती वेळ राहिला, मला सांगता येणार नाही. मग तिने मला कठड्यावर ठेवलं आणि धावत गेली. माझं तोंड आभाळाकडे होतं. पुढचं मी पाहिलेलं नाही.

तो दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला, मिठागराजवळच्या उघडीपाशी. उघडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. शर्ट अंगावर होता.

चौकशीला माणसं आली. त्यांनी सगुणाच्या कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो मागितला. उभा माणूस, सरळ टोपी, हात अंगाला. मागे खांड. खाली होडीची कड, जेमतेम पाण्याच्या वर. फोटो हललेला नव्हता. पंचांनी तो पाहिला, एकमेकांकडे पाहिलं.

“फोटो काढणारी व्यक्ती किती अंतरावर होती?”

“लांब. शाळेवर.”

एकाने फोटो डोळ्यांजवळ नेला. “दहाबारा हात असेल,” तो लिहिणाऱ्याला म्हणाला. लिहिणाऱ्याने लिहिलं.

ते आधी कागदावर राहिलं, मग विहिरीवर गेलं, मग हमरापूरला कारखान्यात पोचलं. बाप बुडत होता आणि पोर फोटो काढत होती. हातभर अंतरावर. हात नाही दिला.

पुतळीला नवऱ्याचा फोटो करून आणायचा होता, म्हणून कमळाकरकडे तोच पहिला, इस्त्रीच्या घडीचा, दिला. दुसरा नव्हताच. कमळाकरने खांड पुसून तिथे निळं आभाळ घातलं. फ्रेम भिंतीवर लागली. एका दुपारी पुतळी तांदूळ काढायला डब्यापाशी आली. मी वरच होते. सगुणा चुलीपाशी बसली होती. पुतळी त्या फोटोकडे बघत राहिली.

“सगू.”

“काय गो आये.”

“तू जवळ होतीस काय गो?”

“लांब होते.”

“मंग इतका जवळ कसा दिसतो?”

सगुणाने माझ्याकडे पाहिलं. मला बोलता आलं असतं तर तेव्हा बोलले असते. हे आत्मवृत्त लिहायची वेळ आली नसती.

सगुणा मला घेऊन पुन्हा एकदा रोह्याला गेली. निडी स्टेशनच्या पुढे गाडी थांबून राहिली तरी तिने मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. साहेब या वेळी उभे राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं, खोटं नव्हतं. तिने कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, “खिडकीतून बघा.” त्यांनी माझ्यातून नदीपलीकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर एक बाई गोधड्या धूत होती. साहेबांना तिच्या बांगड्या दिसल्या असाव्यात. त्यांनी मला डोळ्यांवरून काढलं, नुसतंच पाहिलं, पुन्हा लावलं. मग खुर्चीत बसले.

“कळलं,” ते म्हणाले.

“मग लिहा तसं.”

“बाई, ते आता लिहून झालंय. नोंद झाली. आता लांब करता येत नाही.”

खांड अजून तिथेच आहे. आता तिला कुणी खांड म्हणत नाही, खाडीच म्हणतात. सगुणाला कारखान्याने काढलं नाही, पण तिने स्वतःच डोळे काढणं सोडलं. श्वास धरला की बोटं उघडतात आणि हात पुढे जातो, असं ती म्हणते. ती आता उंदीर रंगवते. उंदराच्या डोळ्याला नुसता ठिपका लागतो, तो थोडा इकडेतिकडे गेला तरी कुणी पूजा थांबवत नाही. मी तांदळाच्या डब्यात आहे. तरी बुरशी शिरलीच. आधी काठाने, आता मधोमध, पांढरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. माझ्यातून आता जवळचंही लांब दिसतं. उशीर झाला.

शेवटी उपदेश. मित्रांनो, लेन्स कोरड्या जागी ठेवा. काचेवर फुंकर मारू नका, मऊ फडक्याने पुसा. विकत घेताना पल्ला बघा, वजन बघा, हात हलतो का तेही बघा. फोटो छापताना मधलं पाणी कापू नका. आणि तुमच्या घरचं कुणी लांबून फोटो काढत असेल, तर बसून राहा.

तरी संबंधितांस या आत्मवृत्ताद्वारे विनंती करण्यात येते की, सगुणा काळुराम आणि तिचे वडील यांच्यामधील अंतर नोंदीतून कमी झाले आहे, ते पूर्ववत करण्यात यावे. तसेच काळुराम यांनी होडीत खाली बसावे, अशी लेखी सूचना मागील तारखेने काढून ती खांडीच्या तोंडाशी, भरतीच्या आत, समक्ष पोचवण्यात यावी. त्यासाठी आपल्या दप्तरी असलेल्या रस्त्याचा वापर करण्यास आमची हरकत नाही.